एकशे एक्केचाळीस ते एकशे अठ्ठेचाळीस

समीक्षानं पुस्तक टेबलावर ठेवलं आणि ते आपसूकच एकशे चाळिसाव्या पानाशी उघडलं. त्याच्यापुढचं पान एकशे एकोणपन्नासावं होतं. मधले चार कागद शिवणीपासून ओढून काढलेले होते.

तेजश्रीनं चष्मा वर सरकवला. बारा वर्षं ती महाडच्या या वाचनालयात ग्रंथपाल होती. पुराच्या पाण्यात भिजलेली पुस्तकं तिच्याकडे परत आली होती, वाळवी लागलेली आली होती. पानं फाडणारा मात्र असा समोर उभा राहत नसे.

आणि पुस्तकही नेमकं हेच. एक माणूस बायकांच्या फोनमध्ये गुपचूप ॲप घालतो, कॅमेऱ्यातून त्यांच्या खोल्यांत बघतो, आणि मग त्या व्हिडिओंच्या धाकावर त्यांच्याकडून आपल्याला हवं ते करून घेतो, अशी ती कादंबरी. लेखिकेनं काहीच झाकून ठेवलं नव्हतं. जानेवारीत पुस्तक आलं आणि वाचकांनी अभिप्रायाची वही भरून टाकली. कोणी लिहिलं, असली घाण वाचनालयात हवी कशाला. कोणी लिहिलं, फोनची माहिती उत्तम आहे, बाकीचं वगळलं असतं तर घरात ठेवता आलं असतं. एका निवृत्त शिक्षकांनी लेखिकेला लेकीसुना आहेत का, असं विचारलं होतं. तरी पुस्तक कपाटात टेकत नव्हतं. तक्रार करणाऱ्यांनीसुद्धा ते आधी शेवटपर्यंत वाचलं होतं. तेजश्रीला मात्र ते अर्ध्यावरच ठेवावं लागलं. किळस आली, असं तिनं अध्यक्ष मालोजीरावांना सांगितलंही होतं. आज पाच वाजता समितीची बैठक होती. पुस्तक काढून टाकायचं, यावर सह्या व्हायच्या तेवढ्या राहिल्या होत्या.

समीक्षा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होती. एकविशीची पोर. गाव कुडपण, पोलादपूरच्या वर डोंगरात. शिकायला म्हणून महाडात मामाकडे राहायची. एरवी स्पर्धा परीक्षेची पुस्तकं न्यायची. तेजश्रीनं तिला बस म्हटलं नाही. नेमकी तक्रारीतलीच पानं कशी गेली, मैत्रिणींत फिरवलीस का, वाचायचं तर वाचावं, पण फाडून न्यायचं कशाला, आता सभासदत्व जाईल, कॉलेजला कळवावं लागेल, असं ती बोलत गेली. पोरगी टेबलाच्या कडेचा रंगाचा पोपडा नखानं खरवडत उभी होती.

"फाडली मीच," ती म्हणाली. "आईला वाचायला दिली."

"आईला?" तेजश्रीनं विचारलं.

"त्यातल्या बाईचं जे झालं ना, ते माझं झालंय, मॅडम. तोंडातून येत नाय. तीनदा आईजवळ बसले. नाय आलं."

मग तिनं थोडं थोडं करून सांगितलं. दोन वर्षांपूर्वी फोन मामानंच घेऊन दिला होता. मामी दिवसभर कामाला जायची. आपलं सगळं मामाला दिसतं तरी कुठून, हेसुद्धा पुस्तक हातात येईपर्यंत तिला कळलं नव्हतं. शनिवारी ती कुडपणला गेली, पानं आईच्या हातात दिली आणि गोठ्यात जाऊन बसली. आई सातवी शिकलेली. तिनं सगळी पानं पुरी वाचली. गोठ्याच्या दारात येऊन तिनं एकच विचारलं, कोण. समीक्षानं मामाचं नाव घेतलं. आईचा पाठचा भाऊ. आई आत गेली. समीक्षा मागोमाग गेली तेव्हा कागद चुलीत होते आणि आई तव्यावर भाकरी टाकत होती. दुसऱ्या दिवशी एसटीत बसवताना तिनं लेकीच्या हातात मामासाठी नाचणीच्या पिठाची पिशवी दिली.

तेजश्रीनं पुस्तक मिटलं. पुन्हा उघडलं. आपण वाचायचं काय म्हणून थांबवलं होतं आणि कुठल्या पानावर, ते तिला आठवेना.

"दुसरी प्रत हाय का?" समीक्षानं विचारलं. "बाबांसाठी पायजेत ती पानं."

दुसरी प्रत नव्हती. पण मालोजीरावांच्या तक्रारअर्जाला आक्षेपार्ह मजकूर म्हणून त्याच आठ पानांची झेरॉक्स जोडलेली होती, ओळीओळीखाली लाल रेघ मारून. ती फाइल बैठकीसाठी टेबलावरच होती. जिन्यावर चपलांचे आवाज यायला लागले. मंडळी वर येत होती. तेजश्रीनं अर्जाची टाचणी काढली, झेरॉक्स वेगळी केली आणि घडी घालून लांब पाकिटात घातली. आज मामाकडे परत जायचं नाही, माझ्या घरी राहायचं, असं तिनं सांगितलं. पोलिसांत जायचं तर मी बरोबर येते, असंही म्हणाली. समीक्षानं मान डोलावली. पण आधी बाबा, ती म्हणाली.

"मग सकाळच्या गाडीनं जा. हे त्यांच्या हातात दे आणि बाजूला हो," तेजश्री म्हणाली. "त्यांचं वाचून होईपर्यंत समोर थांबू नकोस."

समीक्षानं पाकीट ओढणीखाली घेतलं.

"बाबांना वाचता येत नाय, मॅडम. मीच वाचून दाखवनार हाय."