पंख्याची दोरी
मिसिसिपीतल्या कापसाच्या जुन्या मळ्यावरच्या हवेलीत व्हर्लीन पाहुण्यांना तिथल्या गुलामांचा इतिहास सांगायची. त्या दुपारीही जेवणाच्या टेबलावर टांगलेला लाकडी पंखा दाखवत ती म्हणाली, “माझी खापरपणजी लहानपणी त्या कोपऱ्यात उभी राहून ही दोरी ओढायची. वाऱ्यानं मेणबत्ती विझली, की पाठीवर चाबूक.” लग्नासाठी हवेली भाड्यानं घेतलेली नवरी हमसाहमशी रडली, व्हर्लीनच्या गळ्यात पडली. संध्याकाळी ऐन मेजवानीत एसी बंद पडला. ऑगस्टच्या उकाड्यात पाहुणे घामाघूम झाले. नवरी हवेलीच्या मॅनेजरच्या कानाशी लागली आणि तो व्हर्लीनकडे आला. “दोरी ओढ ना जरा. तुझ्या तर रक्तातच आहे,” तो हसला. “आणि यंदा माणसं कमी करायचीयेत, माहितीये ना?” व्हर्लीन कोपऱ्यात जाऊन उभी राहिली. पंखा हलला, टाळ्या पडल्या. नवरी लाडानं म्हणाली, “हळू ओढ गं, मेणबत्त्या विझतायत!”