रेडिएटरचं झाकण

शहागडच्या पुलाजवळच्या माझ्या गॅरेजात अंगदरावांनी तापलेली जुनी जीप आणली, ती शिव्या देतच. महिन्यापूर्वी घेतलेली गाडी मंठ्यापासून तीनदा बंद पडली होती. मी इंजिन थंड होऊ दिलं, फडकं धरून रेडिएटरचं झाकण उघडलं आणि आत बोट घातलं. बोट पिवळ्या गाळानं माखलं. "हळद हाय," मी म्हणालो. "गळती दिसू न्हाई म्हणून विकायच्या दिवशी घालतेत. दोन दिवस बुजती, मंग नळ्या चोंदतेत. उकळतं पाणी कधी उडंल, सांगता येत न्हाई. रेडिएटर बदलावा लागंल." अंगदरावांनी विकणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. असल्या माणसाच्या तोंडावर थुंकावं, म्हणाले. मग जवळ सरकून हळूच विचारलं, "मिस्त्री, अजून थोडी हळद टाकली तर रविवारपर्यंत निभंल का? रविवारी गाडी द्यायचीय." "कुणाला?" "मेव्हण्याला. शाळेची पोरं न्यायला इकत घेऊन राह्यला." "त्यात तुमची भाची बी बसंल की." "बसंल ना, घरचीच गाडी!" ते हसले. मी रेडिएटरचं झाकण फडक्यात गुंडाळून खिशात टाकलं. "नवा रेडिएटर बसला की झाकण भेटंल." "अन् तवर गाडी कशी नेऊ?" ते ओरडले. "ढकलत न्या," मी म्हणालो आणि माझं पिवळं बोट त्यांच्या पांढऱ्याशुभ्र सदऱ्याला बरोबर छातीवर पुसलं.