सोबाचं पीठ

पीठ पुन्हा फुटलं. शेजारच्या मोरितांनी आपल्या ओट्यावर लाटणं फिरवलं आणि पोळीला कडेपासून मध्यापर्यंत चिरा पडल्या.

“पाणी जास्त हवं होतं का?” त्यांनी शोभाला विचारलं.

आता हे शोभाला काय ठाऊक! कुट्टूचं पीठ तेवढं तिचं, उपासासाठी इंडियन ग्रोसरीतून आणून फ्रीजरमध्ये टाकलेलं. त्याची थालीपिठं तिला थापता येत होती. शेवया नाही.

वर बेडरूममध्ये मोरितांची बायको हारुको पडून होती. हॉस्पिटलमधून आणल्यापासून तिने अन्नाला तोंड लावलं नव्हतं, जीभही जड झाली होती. आज सकाळी मात्र एकच शब्द स्वच्छ बोलली. सोबा. तिच्या जपानमधल्या डोंगरातल्या गावात भात पिकत नाही, कुट्टू पिकतो, आणि वर्षाच्या शेवटच्या दिवशी घरोघर त्याच्या लांब शेवया होतात. कॅनडात येऊनही तिने एक वर्ष चुकवलं नव्हतं. शोभाकडेही वाडगा यायचा. रस्सा मासळीचा म्हणून शोभा शेवया गुपचूप धुऊन घ्यायची, वर जिरं-मिरचीची फोडणी द्यायची आणि दुसऱ्या दिवशी तोंडभरून कौतुक करायची. कशा करतेस, हे मात्र कधी विचारलं नाही. मोरिता तर नुसते खाणारे धनी.

शोभाचा नवरा नंदन दोन्ही घरांच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करून बूट झटकत आत आला.

“अगं, यूट्यूबवर बघ ना. सगळं मिळतं.”

“बघितलं हो. त्या माणसाचं पीठ त्याचं ऐकतं. आमचं नाही ऐकत.” बोलता बोलता तिला रडूच आलं.

शेवटी जे तुकडे झाले होते तेच उकळून रश्शात घातले आणि शोभा आणि मोरिता वर गेले. हारुकोने वाडग्यात पाहिलं. मोरितांनी एक तुकडा तिच्या ओठांना लावला. तिने तोंड फिरवलं नाही, पण उघडलंही नाही. डोळे मिटून घेतले. मग तिचे तळवे दुलईवर हलायला लागले. दाबायचं, गोळा करायचं, फिरवायचं, परत दाबायचं.

“पीठ मळतेय ती,” शोभा म्हणाली. “आपल्याला दाखवतेय.”

मोरिता त्या वयात धावत खाली गेले आणि भिजवून उरलेल्या पिठाचं भांडं घेऊन आले. दुलई बाजूला करून त्यांनी ते तिच्या हातांखाली धरलं. जपानीत काहीतरी म्हणाले, मग तेच पुन्हा म्हणाले. शोभाला ती भाषा येत नव्हती, पण ते काय मागत होते हे तिला कळत होतं.

हारुकोचे हात चालूच होते. पिठावर बोटाचा ठसासुद्धा उमटत नव्हता.