ओले टॉवेल

ओट्याच्या काळ्या ग्रॅनाइटमध्ये सिंकसाठी चौकोन कापायचा होता. मी कटरला पाण्याची नळी जोडली, तशा मालकीणबाई धावत आल्या. "अहो, पाणी नको. कालच भिंत रंगवलीय. कोरडंच कापा." "कोरडं कापलं की धूळ छातीत बसते, बाई." "काहीतरीच! मागच्या वेळी तुमच्या दादांनी सगळ्या घराची फरशी कोरडीच कापली. कुरकुरले नाहीत कधी." "आता कुरकुरायलाही दम उरला नाही त्याला. तीन पायऱ्या चढला की मटकन बसतो." बाई ओशाळल्या. समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "धूळ भयंकर होतीच हो. आम्ही आपले दाराच्या फटीत ओले टॉवेल कोंबून आत बसायचो." माझं डोकं सणकलं. नळ पूर्ण सोडला आणि कटर चालवला. गढूळ फवारा ताज्या रंगावर उडाला. "अहो, भिंत!" त्या किंचाळल्या. "टॉवेल घ्या," मी ओरडलो, "आणि दार लावून बसा."