एकोणीसपैकी अठरा

“एकेक नाव हुडकत बसलीस तर तोवर तुझं पोर कॉलेजात जाईल,” खुर्चीमागे उभ्या राहून ऑफिसच्या हेडबाई म्हणाल्या. “चार वाजता प्रती हव्यात मला. नावं दिसता कामा नयेत. एकसुद्धा.”

टायपिस्टने मान वर केली नाही. बाळंतपणाच्या रजेवरून परतून तिला नऊ दिवस झाले होते, आणि नऊही दिवस बाईंची जीभ तिच्या मानेवरून फिरत होती. ऑफिसात बाईंना मागून ‘करवत’ म्हणत, ते उगाच नाही. परवा ती दूध काढायला आतल्या खोलीत गेली, जेमतेम दहा मिनिटं. बाहेर बाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, “इथं गोठा उघडलाय का?” लोक हसले. तिने ते गिळलं. नोकरीत कायम केल्याचं पत्र बाईंच्याच सहीने निघायचं होतं, आणि सहा महिन्यांची लेक पाळणाघरात होती.

समोरच्या फाइलमध्ये एकोणीस बायकांचे जबाब होते. सगळे एकाच माणसाबद्दल. तो वरच्या मजल्यावर बसायचा, आणि चौकशी समितीच्या या अहवालाची एक प्रत नियमाने त्यालाही जायची होती. एखादं नाव झाकायचं राहिलं, तर त्या बाईचं इथलं जिणं संपलं.

नावं फक्त मथळ्यांत होती. आत सगळ्याजणी ‘मी’ म्हणून बोलल्या होत्या. नाव दर वेळी वेगळं, पण त्याआधी ‘श्रीमती’ आणि शेवटी ‘जबाब’, हे ठरलेलं. तिने शोधायच्या चौकटीत ‘श्रीमती’ लिहिलं, पुढे एक चांदणी (*) टाकली, मग ‘जबाब’. खाली वाइल्डकार्डच्या खुणेवर टिचकी मारली. मधे काहीही येवो, चालेल, असं ती चांदणी मशीनला सांगते. बदली शब्द दिले: ‘एका महिला कर्मचाऱ्याचा जबाब’. आणि सगळीकडे एकदम बदल करायचं बटण दाबलं.

एका क्षणात काम झालं. मशीनने कळवलं: अठरा बदल केले.

“झालं? काढ प्रिंट.”

“एक कमी आहे, बाई.”

“म्हणजे?”

तिने खालच्या कोपऱ्याकडे पाहिलं. मघाशी शहाण्णव पानं होती. आता एक्क्याण्णव. चांदणीला पोट नसतं. ‘जबाब’ हा शब्द दिसेपर्यंत ती खातच सुटते. कुठल्यातरी एका मथळ्यात तो शब्दच नसणार. मग ती तिथून खाली उतरली, पाच पानं चाटूनपुसून खाल्ली, आणि पुढच्या बाईच्या मथळ्यापाशी येऊन थांबली. एक अख्खी बाई अहवालातून गेली होती, आणि वाचणाऱ्याला पत्ताही लागला नसता.

“एकीचा जबाबच उडालाय,” ती म्हणाली. “परत आणते.”

“काही नको. पावणेचार झालेत.”

“पाच मिनिटं लागतील फक्त.”

“अगं, अठरा पुरे होतात त्याला! असेल एखादीचं रडगाणं. गेलं तर गेलं. कुणी मोजायला बसत नाही.”

टायपिस्टने बदल मागे घेतला. पानं पुन्हा शहाण्णव झाली. आता ती एकेक मथळा शोधत, बघून बदलू लागली.

“कानात बोळे घातलेत का?” बाईंचा आवाज चढला. “तुझं पत्र माझ्या टेबलावर आहे. सही व्हायचीय अजून. पाळणाघराची वेळ टळली की रडत माझ्याकडेच येशील ना सुटी मागायला? बघते मग.”

थांबावं, असं तिला एकदा वाटलंही. अठरा तर आहेतच. मग तिला वाटलं, उद्या माझ्या लेकीने कुणाला असं काही सांगितलं, आणि तिथल्या टायपिस्टला घाई असली तर?

“कुणाला वाचवताय, बाई?” ती मागे न बघता म्हणाली. आपण हे बोललो, यावर तिचाच विश्वास बसेना. “वरच्याला? करा माझं पत्र रद्द. पण कुणीतरी पाच पानं भरून सांगितलंय. मी ती पुसणार नाही.”



सात. आठ. नऊ. नेहमीचे मथळे, समितीच्या लेखनिकाने उतरवून घेतलेले. दहा. अकरा. बाराव्याला निवडलेल्या मजकुराने पडदा करडा होत गेला, एक पान, दुसरं पान, तिसरं. ती सरकवत पुन्हा वर आली. इथे ‘जबाब’ नव्हताच. हे कुणीतरी स्वतः टाइप करून दिलं होतं. नावाखाली साधी ओळ होती: ‘इतकी वर्षं कुणालाच सांगितलं नाही ते.’

वरचं नाव वाचायच्या आत पडद्यावर एक तळहात आला. सगळी बोटं पसरून दाबलेला.

टायपिस्टने वळून पाहिलं. नऊ दिवसांत तिने बाईंना कधी बसलेलं पाहिलं नव्हतं. आता त्यांनी शेजारचं स्टूल पायाने ओढलं आणि त्यावर अंग टाकलं. हात मात्र पडद्यावरून हलला नाही.

“ठेव मग,” त्या म्हणाल्या. आवाज ओळखू येत नव्हता. “पण माझं नाव नीट झाक, बाळ.”