खिम्याचं मशीन

"आतडं बकऱ्याचं की डुकराचं?" दुकानदाराने विचारलं.

वसुधा काउंटरवरच्या तीन नळ्यांकडे बघत राहिली. एक करंगळीएवढी, एक अंगठ्याएवढी, तिसरी त्याहून जाड.

"म्हणजे कसं काकू, सॉसेज म्हणजे आतड्यात भरलेला खिमाच. आतडं या नळीवर चढवायचं, वरून मटण टाकायचं आणि हँडल फिरवायचं. बकऱ्याचं आतडं बारीक, त्याला ही छोटी. डुकराचं असेल तर ही मधली. चुकीची नेलीत तर वाट लागली."

"डुकराचं," वसुधा म्हणाली.

हा शब्द आपल्या तोंडून निघणार नाही असं तिला वाटलं होतं. निघाला. काहीच झालं नाही. बाहेर साकीनाक्यावर ट्रक भोंगे वाजवत होते, शेजारच्या गाळ्यात लेथ घरघरत होता. जन्मात कधी अंडंही न फोडलेली ती, मधली नळी उजेडात धरून आरपार बघत होती. हल्ली सगळं असंच व्हायचं. हात आपले आपण कामं करायचे, आणि ती लांब कुठेतरी बसून बघत असायची.

शहाऐंशीच्या फेब्रुवारीत नीला, तिची एकुलती एक मुलगी, मढच्या मेल्विन परेराशी रजिस्टर लग्न करून निघून गेली. त्या दिवशी श्यामकांतांनी जेवणाचं ताट बाजूला सारलं आणि त्यानंतर घरात मुलीचं नाव घेतलं नाही. ओरडले नाहीत, रडले नाहीत. वसुधाही रडली नाही. घाटकोपरच्या दोन खोल्यांत नवराबायको वरणभात जेवत, रेडिओवरच्या बातम्या ऐकत, दिवा मालवत. असे दहा महिने गेले.

आणि मागच्या रविवारी खालच्या वनमालाबाईंकडे फोन आला. "आई, सासूबाईंचे हात संधिवाताने धरलेत गं. नाताळचं सॉसेज यंदा मी करणार आहे. मशीन लागेल. साकीनाक्याला मिळतं म्हणतात. तू बघून घे ना, मला नाही कळत त्यातलं."

तिला तरी कुठे कळत होतं! पण लेकीने दहा महिन्यांत पहिल्यांदा काही मागितलं होतं. श्यामकांतांना तिने शेवयांचं यंत्र आणायचंय असं सांगितलं. ते सोबत आले, आणि आत न येता पायरीवर पिशवी धरून उभे राहिले.

दुकानदाराने दोन मशीनं पुढे ठेवली. "हे बिडाचं, वर कल्हई केलेलं. घरोघर हेच जातं. हे दुसरं स्टीलचं, पण जड आहे. बायकामाणसांचा हात भरून येतो."

वसुधाने बिडाच्या मशीनचं हँडल फिरवून पाहिलं. ते लोण्यासारखं फिरलं. खाली टेबलाला आवळायचा स्क्रू होता, तोही घट्ट बसत होता. आणखी काय बघतात तिला ठाऊक नव्हतं.

"हेच द्या," ती म्हणाली.

"ते नको."

श्यामकांत तिच्या मागे उभे होते. कधी आत आले, किती ऐकलं, कोण जाणे. वसुधाच्या हातातलं हँडल तसंच राहिलं.

"अहो काका, झकास चीज आहे," दुकानदार म्हणाला. "घरच्या वापराला दहा वर्षं बघायला नको."

"मढला खारा वारा असतो," श्यामकांत म्हणाले. "कल्हई उडाली की गंज धरेल. स्टीलचं घ्या इकडे."

वसुधाने त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्यांनीही तिच्याकडे पाहिलं नाही.

मुलुंडच्या कारखान्यात तीस वर्षं ते तयार माल तपासत आले होते. त्याच सवयीने त्यांनी मशीन सुटं केलं. पातं जाळीवर टेकवून मधून उजेड येतो का ते पाहिलं. मग मधली नळी घेतली आणि तिच्या तोंडाच्या कडेवरून बोट फिरवलं. एका जागी बोट थांबलं.

"इथे धार राहिलीय. आतडं फाटेल," ते म्हणाले. बोल्ट, नट म्हणावं तसं. "कानस आहे?"

दुकानदाराने खणातून कानस काढून दिली. श्यामकांतांनी पिशवी वसुधाकडे दिली आणि काउंटरला टेकून नळीची कड घासायला लागले. घासायचे, बोट फिरवायचे, पुन्हा घासायचे. दुसरं गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं, तरी त्यांनी मान वर केली नाही. आता रडू येईल म्हणून वसुधा वाट बघत राहिली. आलं नाही.

शेवटी त्यांनी नळीवर फुंकर मारली आणि ती तिच्या हातात दिली. घासून घासून नळी गरम झाली होती. वसुधाने मूठ मिटली.

दुकानदाराने मशीन खोक्यात बसवलं आणि गॅरंटी कार्ड पुढे ओढलं. "नाव काय लिहू?"

वसुधा तोंड उघडणार तोच श्यामकांत म्हणाले, "नीला."

"पुढे?"

श्यामकांतांनी बोटांना लागलेला कीस रुमालाला पुसला. रुमालाची घडी घालून खिशात ठेवली.

"परेरा," ते म्हणाले, आणि चष्मा वर सारून, नाव बरोबर लिहितोय की नाही, ते कार्डावर वाकून बघू लागले.