व्हर्लिनचं एक मत

अमेरिकेत, आयोवा राज्यातल्या एका गावच्या शाळेत पक्षाचे सदतीस मतदार जमले होते. पुन्हा आपल्याच राष्ट्राध्यक्षांना उमेदवारी द्यायची की नव्या माणसाला, हे ठरवायचं होतं. अध्यक्षांच्या बाजूने व्हर्लिन बोलायला उठला. "गेल्या खेपेला त्यांच्या नावाच्या टोप्या घालून नाचलात, आणि आता तोंडं लपवताय? जरा लाज बाळगा! तुम्ही सगळे फिरलात तरी माझं एक मत पक्कं आहे!"

टाळ्या पडल्या. मग पॉपकॉर्नच्या बादलीत चिठ्ठ्या पडल्या.

मार्लीसने मोजून सांगितलं, "नवा माणूस सदतीस. अध्यक्ष शून्य."

"अगं, शून्य कसं येईल?" म्हातारा ड्वेन म्हणाला. "परत मोज. व्हर्लिनची चिठ्ठी चुकून तिकडच्या गठ्ठ्यात गेली असेल."

व्हर्लिनने मान वर केली नाही.

"नको मोजूस, मार्लीस. बरोबर आहे," तो म्हणाला.